सेल्युलर जेल बघताना : मुलांना काय दाखवावे, कसे दाखवावे



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की मराठीच्या तासाला 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध ठरलेलाच असतो. बहुतेक वह्यांमध्ये मामाचे घर, इंदूरचा सराफा, पुण्याची आत्या आणि ओंकारेश्वर असते. यंदा सातवीच्या एका वहीत अंदमान निघाले. समुद्र, बोट, शहाळ्याचे पाणी, सगळे छान लिहिले होते. शेवटी एक वाक्य होते, "नंतर आम्ही फाशीघर पाहिले. तिथे खूप मज्जा आली." मराठीच्या बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि वही आमच्या टेबलावर आणून ठेवली.

त्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीची आई कार्यालयात भेटायला आली. ही दोन्ही कुटुंबे एकाच सहलीत गेली होती. त्यांची तक्रार मात्र अगदी उलट होती. "सर, तिथून आल्यापासून मुलगी रात्री दिवा बंद करू देत नाही. इतक्या लहान मुलांना असल्या जागा दाखवाव्यात तरी का?"

एका मुलाला मजा वाटली, दुसरीची झोप उडाली. आम्ही विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की दोन्ही प्रश्न एकच आहेत. दोघांनाही ती जागा दाखवली गेली, पण समजावून कोणी सांगितली नाही. आपल्या माधव नगर, फ्रीगंज भागातली बरीच कुटुंबे आता सुट्टीत अंदमानला जातात. इंदूरहून विमानाने निघून वाटेत विमान बदलले की पोहोचता येते. म्हणून या अंकात या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब तिथे गेलो होतो. सोबत नऊ वर्षांची भाची आणि तेरा वर्षांचा पुतण्या होता. एका कोठडीत पुतण्याला उभे केले, गज धरायला लावले आणि आम्ही, म्हणजे शाळेचे प्राचार्य, त्याला म्हणालो, "जरा रडवेला चेहरा कर, फोटो छान येईल." त्याने केला. फोटो छान आला. सगळे हसलो. खाली मधल्या मनोऱ्यात कैद्यांची नावे कोरलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. तिथे एक वृद्ध बंगाली गृहस्थ चष्मा पुसून पुसून एकेक नाव वाचत होते. हवे ते नाव सापडल्यावर त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आम्ही मोबाइल खिशात ठेवला. तो फोटो आम्ही कोणाला दाखवला नाही, पण पुसलाही नाही. आपली चूक आपल्यालाच दिसत राहावी म्हणून ठेवला आहे.

ही वास्तू काय आहे

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'कालापानी' हा शब्द आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात ऐकला होता. समुद्रापलीकडे धाडलेला माणूस जात आणि गाव दोन्हींना मुकला, अशी जुन्या लोकांची समजूत होती. इंग्रजांनी या भीतीचा शिक्षेसाठी उपयोग केला. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवली गेली. त्या वेळी सेल्युलर जेल नव्हते. कैदी जंगल तोडत, रस्ते बांधत आणि तापाने मरत.

तुरुंगाचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये पूर्ण झाले. विटा ब्रह्मदेशातून आणल्या आणि राबले कैदीच. म्हणजे ज्यांना कोंडायचे त्यांच्याच हातून भिंती उभ्या करून घेतल्या. मध्ये मनोरा आणि त्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती, अशी रचना होती. मनोऱ्यावर उभा असलेला पहारेकरी सगळीकडे नजर ठेवू शकत असे. जवळपास सातशे कोठड्या होत्या आणि प्रत्येक कोठडीत एकच माणूस. इंग्रजीत कोठडीला 'सेल' म्हणतात, त्यावरून 'सेल्युलर' हे नाव पडले.

आज सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. १९४१ च्या भूकंपात तुरुंगाची हानी झाली, पुढे चार इमारती गेल्या आणि आवारात सरकारी रुग्णालय झाले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण करण्यात आली. ज्या शहरात ती आहे ते पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव श्री विजयपुरम झाले. तिकिटे काढताना दोन्ही नावे दिसतील, मुलांनी गोंधळू नये.

कोठडीत काय बघायचे

भाची कोठडीत शिरली आणि म्हणाली, "मामा, ही तर आमच्या खोलीपेक्षा मोठी आहे!" मुलांचे असे बोलणे दाबू नये, कारण ते खरे असते. कोठडी साधारण पंधरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये एवढ्या खोलीत चार माणसे सुखाने राहिली आहेत. मग ही शिक्षा कशी?

तेव्हा मुलांना तीन गोष्टी दाखवा. एक, झरोका. तो सुमारे दहा फूट उंचीवर आहे. उजेड येतो, पण बाहेरचे काही दिसत नाही. दुसरी, कडी. ती दारावर नसून दारापासून दूर, बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत सरकते. आतून गजांमधून हात कितीही लांबवला तरी तिथे पोहोचत नाही. तिसरी, समोरची भिंत. प्रत्येक इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहे. त्यामुळे समोरासमोर दोन कैदी कधी येतच नाहीत. शिक्षा खोलीच्या आकारात नव्हती, एकटेपणात होती. हे मुलांना एकदा समजले की त्यांना भीती वाटते, पण ती भुताची भीती नसते.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी आहे. त्यांना दोन जन्मठेपांची म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा झाली होती. ४ जुलै १९११ रोजी ते तिथे पोहोचले आणि १९२१ पर्यंत अंदमानात होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच त्याच तुरुंगात होते. दोघे सख्खे भाऊ एकाच आवारात असून बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. मराठी घरांत 'माझी जन्मठेप' या पुस्तकाचे नाव ठाऊक असते, म्हणून आपले लोक ही कोठडी पाहतात, नमस्कार करतात आणि परततात. मोठ्या वर्गातली मुले सावरकरांच्या अर्जांबद्दलही विचारतात. ते त्यांनी सरकारला सुटकेसाठी केले होते आणि त्यांबद्दल आजही लोकांत दुमत आहे. प्रश्न टाळू नये. दोन्ही बाजू सांगाव्यात आणि वाचायला लावावे.

पण मनोऱ्यातल्या पाट्या वाचल्याशिवाय मात्र खाली उतरू नये. त्यांत बंगाल आणि पंजाबची नावे किती आहेत ते मुलांना मोजू द्या. उल्हासकर दत्त नावाचा तरुण तिथल्या छळाने मनाचा तोल गमावून बसला आणि त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे लागले. १९३३ मध्ये कैद्यांनी उपोषण केले तेव्हा त्यांना नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजण्यात आले. त्यात भगतसिंगांचे सहकारी महावीर सिंह, तसेच मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र असे तिघे मरण पावले. त्यानंतर कैद्यांना दिवे, वर्तमानपत्रे आणि पुस्तके मिळू लागली. एक पुस्तक वाचायला मिळावे म्हणून माणसे मेली, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. १९३७ मध्ये पुन्हा मोठे उपोषण झाले आणि जानेवारी १९३८ पर्यंत राजकीय कैद्यांना परत आणण्यात आले.

गोष्ट इथे संपत नाही. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली. राज्य बदलले, पण तुरुंग तोच राहिला. आता त्यात स्थानिक लोक हेर म्हणून कोंडले जाऊ लागले. डॉ. दिवाण सिंह नावाचे पंजाबी कवी आणि डॉक्टर जानेवारी १९४४ मध्ये तिथेच छळाने गेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रेगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मुलांना हेही कळावे. नाहीतर 'इंग्रज वाईट होते, ते गेले, आता सगळे ठीक' एवढाच धडा घेऊन ती घरी येतात.

पुतळे, दोर आणि संध्याकाळचा खेळ

आवारात कोलू आहे, फटक्यांची तिकाटी आहे, बेड्या आणि गोणपाटाचे कपडे आहेत. कोलूला जुंपलेल्या आणि तिकाटीला बांधलेल्या माणसांचे पुतळे आहेत. फाशीघरात तुळईखाली तीन फास आहेत, कारण एका वेळी तिघांना फाशी देण्याची सोय होती. संध्याकाळी अंगणात ध्वनी व प्रकाशाचा कार्यक्रम होतो. त्यात आवारातला पिंपळ आपण पाहिलेले सांगतो अशी कल्पना होती, आणि नट ओम पुरी यांच्या आवाजात हे निवेदन प्रवाशांनी वर्षानुवर्षे ऐकले.

अशा जोडसोयींमुळे मुलांना इतिहास जवळचा वाटतो, पण त्यांनीच कधी त्याचा तमाशाही होतो. जगात दोन्ही प्रकार आहेत. लंडनमध्ये १९७४ पासून 'लंडन डंजन' नावाची जागा आहे. तिथे जुन्या शिक्षा आणि खुनांच्या गोष्टी नट सोंगे घेऊन करून दाखवतात, लोक किंचाळतात, हसतात आणि बाहेर पडतात. ती करमणूक आहे आणि तसे सांगूनच तिकीट विकले जाते. जपानमध्ये हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात पूर्वी अणुबॉम्बने भाजलेल्या माणसांचे पुतळे होते. २०१७ मध्ये ते काढले आणि खऱ्या वस्तूंवर भर दिला. तिथे एका लहान मुलाची जळून गंजलेली तीनचाकी सायकल ठेवलेली आहे. पुतळा पाहून मूल दचकते. पण सायकल पाहून ते विचारते, "हा मुलगा केवढा होता?"

फार लांब जायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये काय झाले हे उज्जैनच्या प्रत्येक घराला माहीत आहे, कारण सगळ्यांचे कोणी ना कोणी भोपाळला होते. २०१४ मध्ये तिथे वायुपीडितांच्या आठवणींचे एक लहान संग्रहालय सुरू झाले. त्यात लोकांनी दिलेल्या घरगुती वस्तूंजवळ टेलिफोनचे रिसीव्हर लावले होते. रिसीव्हर कानाला लावला की त्या रात्रीतून वाचलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज ऐकू येई. सोंग नाही, किंकाळ्या नाहीत, फक्त ऐकायचे. आमच्या मते जोडसोय असावी तर अशी.

म्हणून कुठेही गेलात तरी एक साधी परीक्षा करावी. ही सोय आपल्याला त्या माणसाचे ऐकायला लावते, की त्याच्या जागी उभे राहून आपलाच फोटो काढायला लावते? पहिली असेल तर मुलांना वेळ द्या. दुसरी असेल तर पुढे चला.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना फाशीघर दाखवायलाच हवे असे नाही. मनोरा, नावे, कोठडी आणि समुद्र एवढे त्यांना पुष्कळ आहे. एक मोठा माणूस त्यांच्यासोबत बाहेर थांबू शकतो.

२. क्रम ठरवून घ्या. आधी नावे आणि चित्रे, मग कोठडी, मग अंगणातला कोलू, सर्वांत शेवटी फाशीघर. उलट क्रमाने गेलात तर मुलांना फक्त दोर आठवतात.

३. जाण्यापूर्वी घरी थोडे बोला. 'तिथे काही पुतळे आहेत, ते खरे नाहीत, पण त्यांनी जे दाखवले आहे ते खरोखर घडले होते,' एवढे सांगितले तरी पुरे. मुलगा किंवा मुलगी 'मला नको' म्हणाली तर चिडवू नका. 'घाबरट' हा शब्द तर तिथे अजिबात उच्चारू नये.

४. अंदमानात आपल्यापेक्षा लवकर अंधार पडतो. उज्जैनच्या मुलांना रेखांश शिकवायला नकोत, आपले गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपण सुमारे ७६ अंशांवर आहोत आणि ते शहर ९३ च्या जवळ आहे. सतरा अंशांना चार मिनिटांनी गुणले तर ६८ मिनिटे होतात. घड्याळ मात्र एकच आहे, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो. दिवसभर हिंडलेली मुले संध्याकाळच्या कार्यक्रमात थकून जातात आणि अंधारात आवाज ऐकून घाबरतात. दुपारी त्यांना झोपवा, कार्यक्रमात कडेला बसा, म्हणजे उठून जाता येते. वेळा आणि सुट्टीचे वार आधी विचारून घ्या.

५. फोटो जरूर काढा. मनोऱ्याचा, विटांचा, नावांच्या पाटीचा काढा. गज धरून रडण्याचा आणि गळ्याशी दोर आणण्याचा काढू नका. आम्ही अनुभवाने सांगत आहोत.

घरी आल्यावर

न गेलेल्या मुलांनाही या गोष्टी कळू शकतात. गच्चीवर खडूने पंधरा फूट बाय नऊ फुटांचा चौकोन आखा आणि मुलाला त्यात एक तास एकटे, पुस्तक आणि मोबाइलशिवाय बसायला सांगा. खेळ नको वाटला तर त्याने लगेच उठावे. कोलूचे माप असे समजावा. खोबरेल तेलासाठी एका कैद्याला दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर तेल काढावे लागे. आपल्या किराणा दुकानातला तेलाचा मोठा डबा पंधरा किलोचा असतो. जवळजवळ तेवढे तेल, जिथे बैल फिरायचा तिथे माणूस फिरून, रोज. तेल कमी भरले की शिक्षा. हा डबा मुले महिन्याच्या सामानात नेहमी पाहतात. त्यांना निराळे चित्र दाखवावे लागत नाही.

आता त्या दोन विद्यार्थ्यांचे. सातवीच्या मुलाला आम्ही बोलावले. रागावलो नाही. "मज्जा कसली आली?" असे विचारले. तो म्हणाला, "सगळे फोटो काढत होते, म्हणून." मग त्यानेच विचारले, "सर, दोर तीन का होते?" एका वेळी तिघांना फाशी देत म्हणून, असे आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बाजूला कोण आहे ते कळत असेल." या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. निबंधातले ते वाक्य त्याला खोडायला लावले नाही. त्याखाली हे दुसरे लिहायला सांगितले. बाईंनी आपली लाल रेघ तशीच राहू दिली.

पाचवीच्या मुलीशीही बोललो. तिला अंधाराची भीती नव्हती. तिकाटीला बांधलेला पुतळा डोळ्यांसमोर येत होता. "तो तर प्लास्टरचा पुतळा होता," असे आम्ही म्हणालो. तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हो सर, पण तो माणूस खरा होता ना?" आम्ही हो म्हणालो. तिच्या आईला सांगितले, काही दिवस दिवा जळू द्या, विजेचे बिल फार येणार नाही. आणि मुलीला जे विचारायचे असेल ते विचारू द्या. तिला नेले ही चूक झाली असे आम्हाला वाटत नाही. नेल्यानंतर तिच्याशी कोणी बोलले नाही, एवढेच राहून गेले होते.

येत्या २६ जानेवारीला शाळेच्या व्हरांड्यात आपण खडूने ती कोठडी आखणार आहोत. बाजूला तेलाचा एक रिकामा डबा ठेवू. ज्या कुटुंबांनी अंदमान पाहिले असेल त्यांनी भित्तिपत्रकासाठी नावांच्या पाट्यांचे फोटो आणि मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून पाठवावेत. उत्तरे नसली तरी चालतील. प्रश्न मात्र मुलांच्याच शब्दांत असावेत.

आपला,
प्राचार्य